पीठ आंबलं की नाही

उल्हास घैसासच्या पीएचडीचा विषय इंग्रजीत सांगायचा तर मध्ये एकदा श्वास घ्यावा लागतो. मराठीत तो एवढाच आहे: डोशाचं पीठ आंबलं की नाही, हे यंत्राने सांगायचं.

हसू नका. विद्यापीठातसुद्धा कोणी हसलं नव्हतं. शीर्षकात 'बहुसंवेदी' असा एक शब्द होता, आणि तसला शब्द दिसला की समितीतली माणसं चष्मा पुसून गंभीर होतात. शिवाय बंगळूरच्या डिसेंबरात पीठ फुगत नाही, ही काही लहान अडचण नव्हे. घरोघरी पातेल्यांना शाली गुंडाळतात, कोणी पातेलं गीझरखाली ठेवतं, कोणी उन्हातल्या गाडीच्या डिकीत. ज्या गावात उपग्रह बनतात त्या गावात पिठाला शाल पांघरावी लागते, याचं उल्हासला मनापासून वाईट वाटलं, आणि मारतहळ्ळीतली बरी नोकरी सोडून चाळिशी उलटल्यावर तो पुन्हा विद्यार्थी झाला.

त्यानंतर बरीच पिठं आंबली. मुदतवाढ एकदा झाली, दोनदा झाली, आणि यंदा विद्यापीठाने स्वच्छ कळवलं की डिसेंबरात समितीसमोर चालतं यंत्र दाखवा, नाहीतर नोंदणी रद्द. नोंदणी रद्द झालेली एक वेळ उल्हासने सोसली असती. पण त्याचे सासरे भीमाचार्य त्याच्याच घरी राहायचे, आणि जावई डॉक्टर होणार हे त्यांनी म्हैसूरपासून धारवाडपर्यंतच्या यच्चयावत नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं. त्यातल्या निम्म्यांनी आपापल्या दुखण्यांचे रिपोर्ट पाठवायलाही सुरुवात केली होती. "मी औषधाचा डॉक्टर होणार नाही हो, कम्प्युटरचा," असं उल्हास फोनवर सांगे. "असू दे, बघून तर ठेव," असं पलीकडून उत्तर येई.

आता यंत्राविषयी. एक उभा स्टीलचा डबा. झाकणाला वाफ जायला बारीक भोकं, आतून तापमापक आणि वास ओळखणारी एक चकती, जिला घरात सगळे 'नाक' म्हणत. बाहेरून दोन दिवे. तांबडा म्हणजे अजून नाही, हिरवा म्हणजे आंबलं. पण यंत्राला जन्मतः काही कळत नसतं, त्याला शिकवावं लागतं. कोणीतरी जाणत्या माणसाने रोज सकाळी पीठ बघायचं आणि झालं असं वाटलं की बटण दाबायचं. त्या वेळी वास कसा होता, ऊब किती होती, हे यंत्र ध्यानात ठेवणार, आणि असं पुष्कळ दिवस केलं की ते आपलं आपण सांगू लागणार. सासुरवाडीने उल्हासला घरच्या रीतीभाती शिकवल्या त्या साधारण याच पद्धतीने.

हे सगळं खरं तर प्रयोगशाळेत व्हायचं होतं. पण प्रयोगशाळेत कम्प्युटरांसाठी एसी इतका गार ठेवलेला असे की पीठ आंबायचं सोडाच, उल्हासच स्वेटर घालून बसे. ग्राइंडरची तर वेगळीच कथा झाली. त्याने मागणी केली तेव्हा हिशेब विभागातल्या गृहस्थांनी विचारलं, "संगणकशास्त्राला ग्राइंडर कशाला?" प्रश्नात तथ्य होतं. मग मार्गदर्शक प्रोफेसर शेषगिरी यांच्या सल्ल्याने अर्जात 'घन नमुन्यांचे द्रवरूपांतर करणारे दगडी उपकरण' असं लिहिलं. अर्ज तत्काळ मंजूर झाला, उपकरण आलं, आणि 'दगडी' या शब्दामुळे थेट स्थापत्य अभियांत्रिकीकडे रवाना झालं. उल्हास मागायला गेला तेव्हा त्यांनी ते सिमेंटच्या कामाला जुंपलं होतं, आणि परत नेता का, असं अगदी आग्रहाने विचारत होते.

नीतिमत्ता समितीचं आणखी निराळं. पिठात जीवजंतू असतात, म्हणजे हा सजीवांवरचा प्रयोग झाला, तेव्हा प्राण्यांच्या समितीची परवानगी आणा, असं त्यांनी लिहिलं. प्राण्यांच्या समितीने उत्तर दिलं की ज्याला पाठीचा कणा नाही त्याच्याबद्दल आम्ही बोलत नाही. हे वाक्य उल्हासने उगीचच मनाला लावून घेतलं आणि दोन दिवस तो कोणाशी धड बोलला नाही. शेवटी शेषगिरी सर म्हणाले, "घैसास, घरी करा. घरी परवानगी लागत नाही." सर अविवाहित होते.

घरची परवानगी सुप्रीताने दिली. ती बंगळूरच्या जुन्या मराठी घरातली, सहा-सात पिढ्या इथेच मुरलेली, आणि नवऱ्याच्या बाबतीत तिची सहनशक्ती त्याच प्रमाणात मुरलेली होती. "ओट्याचा कोपरा तुझा," ती म्हणाली, "पण मिक्सरचा प्लग काढायचा नाही."

राहिला प्रश्न जाणत्या माणसाचा. उल्हासला वाटलं, एकापेक्षा तीन बरे. पहिले अर्थातच भीमाचार्य. पण ते सोवळ्यात असत, आणि वायर असलेला डबा सोवळ्यात चालत नाही असा त्यांनी निर्णय दिला. वासाला सोवळं नसतं म्हणून ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून नाक वर करून परीक्षा करणार होते. दुसरी वरच्या मजल्यावरची नीलिमा, नुकतीच नागपूरहून आयटीत आलेली. तिसऱ्या खालच्या मजल्यावरच्या कौशल्या अक्का. अक्कांचे गुडघे दुखत, त्या गुडघ्यांना दिवसातून चारदा बाम लावत, आणि त्या जिना चढू लागल्या की आधी वास वर येई आणि मग बऱ्याच वेळाने अक्का.

पहिल्याच सकाळी तिघं ओट्यापाशी जमली, म्हणजे दोघी ओट्यापाशी आणि भीमाचार्य दारात.

"अजून स्वल्पसुद्धा वर आलं नाही," भीमाचार्य दारातून म्हणाले.

"मला तर ठीकच वाटतंय, दादा," नीलिमा म्हणाली. "आमचं पॅकेटचंही असंच दिसते ना."

"पॅकेटचं?" अक्कांनी तिच्याकडे एकदा आणि डब्यात एकदा पाहिलं. "हे हिट्टु कालच झालंय. आता नुसतं आंबट ढोण."

एकच पीठ एकाच वेळी कच्चं, बरोबर आणि वाया गेलेलं होतं. दुसऱ्या दिवशी तिघांनी मतं बदलली, पण पुन्हा तिघांची तीनच झाली. आठवडाभरात उल्हासची अशी अवस्था झाली की त्याला दही लागलं की नाही हेही कळेनासं झालं, आणि चहा उकळला का, हे तो सुप्रीताला विचारू लागला.

शेषगिरी सरांनी कागद पाहून डोकं हलवलं. "असं नाही चालायचं. खरं काय ते एकाच माणसाने ठरवायचं. नाहीतर यंत्र गोंधळतं." हे धोरण उल्हासच्या घरात लग्नापासून लागू होतं, पण पिठाला ते लावायचं त्याला सुचलं नव्हतं इतकंच.

आता तिघांतून एक निवडायचं. नीलिमाने स्वतःच हात जोडले आणि सुटका करून घेतली. सासरे की अक्का, यात उल्हासने फार विचार केला. सासरे डब्याला हात लावणार नाहीत, म्हणजे बटण कोण दाबणार? विज्ञानाच्या दृष्टीने उत्तर सरळ होतं, घराच्या दृष्टीने अजिबात नव्हतं. अक्कांची नेमणूक झाल्याचं भीमाचार्यांना कळलं. त्या दिवसापासून ते सकाळी उपमा मागू लागले, आणि डोशाचा विषय निघाला की त्यांना एकदम ऐकू येईनासं होई.

अक्का मात्र खुलल्या. रोज सकाळी सुप्रीता जिन्यात उभी राहून "अक्का, या," अशी हाक मारी. मग बामाचा वास, मग अक्का. त्या आत येत, झाकण उघडत, डब्यात वाकून बघत, "सरी," म्हणजे ठीक आहे, असं म्हणत आणि बटण दाबत. मग कॉफी घेत उल्हासला विचारत, "डॉक्टर झालास की माझे गुडघे बघशील ना रे?"

"अक्का, मी तसला डॉक्टर नाही होणार."

"मग कसला होणार? पिठाला कुठे गुडघे असतात?"

महिन्यामागून महिने असे गेले, आणि एके सकाळी तो चमत्कार घडला. अक्का आत आल्या, डब्यावर वाकल्या, आणि बटण दाबायच्या आतच यंत्राने बीप केलं. हिरवा दिवा. अक्का म्हणाल्या, "अय्यो, याला कळलं की." दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच. उल्हासने आलेख काढले, आणि ते इतके सुंदर आले की त्याने एक हॉलमध्ये फ्रेम करून लावला. शेषगिरी सरांनी त्याला कॅन्टीनमध्ये स्वतःच्या पैशाने कॉफी पाजली, जे विभागात कोणी ऐकलं नव्हतं.

"मला एक वाटतं," सुप्रीता एकदा चटणी वाटता वाटता म्हणाली. "अक्का यायच्या आधी हा दिवा कधीच लागत नाही."

"कारण अक्का अचूक वेळी येतात," उल्हास म्हणाला. "यालाच तज्ज्ञ म्हणतात." एवढं सरळ शास्त्र बायकोला समजावून सांगावं लागतं याचा त्याला थोडा खेदही झाला.

समितीचा दिवस उजाडला. उल्हासने पिठाचा डबा मांडीवर घेऊन कॅबने प्रवास केला आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला त्याने डब्यावर हात ठेवला. सुप्रीता तवा आणि चटणी घेऊन बरोबर होती, कारण शेषगिरी सरांचं म्हणणं होतं की समितीला शेवटी खायला मिळालं तर निकालावर चांगला परिणाम होतो. तज्ज्ञ व्यक्ती प्रत्यक्ष हजर पाहिजे असा नियम होता म्हणून अक्काही आल्या. त्या म्हैसूर सिल्क नेसून, मोगरा माळून आल्या होत्या. विद्यापीठात जायचं तर दवाखान्यासारखा वास येऊन चालणार नाही, म्हणून त्यांनी बाम पर्समध्येच ठेवला होता.

प्रयोगशाळेचा एसी बंद ठेवायला उल्हासने रखवालदाराच्या हातापाया पडून सांगितलं होतं. समिती परंपरेप्रमाणे उशिरा आली. बाहेरच्या परीक्षक म्हणून कमला मॅडम आल्या होत्या, शांत चेहऱ्याच्या, आणि अशा परीक्षकांचीच उल्हासला जास्त भीती वाटे. तोवर पीठ डब्यात वर येऊन झाकणाला टेकलं होतं, आणि समिती खुर्च्यांवर बसत असतानाच एक पांढरी धार डब्यावरून खाली निघाली.

दिवा तांबडा होता.

"यंत्र काय म्हणतं?" कमला मॅडमनी विचारलं.

"अजून नाही म्हणतं," उल्हास म्हणाला.

धार टेबलाच्या कडेपर्यंत पोचली. शेषगिरी सरांनी तिच्याखाली हळूच कोणाचा तरी शोधनिबंध सरकवला. उल्हासने वायर हलवून पाहिली, बंद करून चालू केलं, झाकण पुसलं. तांबडा. त्याच्या डोळ्यांसमोर धारवाडपर्यंतचे सगळे नातेवाईक रांगेने उभे राहिले. मग त्याला आठवलं की अक्का तर इथेच आहेत. त्याने त्यांना पुढे बोलावलं. अक्कांनी सिल्कचा पदर सावरला, नेहमीसारख्या डब्यावर वाकल्या आणि "सरी," म्हणाल्या.

तांबडा.

अक्का अजून वाकल्या. "सरी म्हटलं ना तुला," त्या डब्याला म्हणाल्या. डब्याने ऐकलं नाही. इतके दिवस ज्याने आपलं मत शिरोधार्य मानलं त्याने चार विद्वानांसमोर असं करावं, हे त्यांना फार लागलं. त्यातून लिफ्ट बंद असल्यामुळे त्या जिना चढून आल्या होत्या. "मला बसू दे बाबा," असं म्हणून त्यांनी टेबलाजवळची खुर्ची ओढली, पर्स उघडली, बामची बाटली काढली आणि साडीवरूनच गुडघ्याला चोळायला सुरुवात केली.

बीप.

हिरवा दिवा लागला. उल्हासने आनंदाने समितीकडे पाहिलं, आणि समितीतलं कोणीच आनंदात नाही हे त्याच्या हळूहळू लक्षात आलं. कमला मॅडम उठल्या. त्यांनी अक्कांकडून बामची बाटली मागून घेतली आणि ती दूर खिडकीत नेऊन ठेवली. थोड्या वेळाने दिवा तांबडा झाला. त्यांनी बाटली परत आणली, दिवा हिरवा झाला. मग त्यांनी डब्यावरचं झाकण काढून टेबलावरच्या एका रिकाम्या भांड्यावर ठेवलं आणि शेजारी बाटली उघडून ठेवली. ज्या भांड्यात पिठाचा थेंब नव्हता त्या भांड्याचं पीठ उत्तम आंबल्याचं यंत्राने जाहीर केलं.

"घैसास," त्या म्हणाल्या, "तुमच्या यंत्राला गुडघेदुखी कळते."

अक्का लगेच म्हणाल्या, "मी म्हणतच होते, गुडघ्याचा डॉक्टर हो."

पण मॅडमचं समाधान झालं नव्हतं. "बाम वजा केला तरी तुमचा निर्णय उरतोच," त्या अक्कांना म्हणाल्या. "पीठ झालं हे तुम्हाला कसं कळायचं?"

"मला कशाला कळायला पाहिजे?" अक्का म्हणाल्या. "ही सुप्रीता जिन्यातून हाक मारते, तेव्हा मी येते. तिने बोलावलं म्हणजे झालंच असणार की. मी बटण दाबते. सकाळी माझ्या डोळ्यांवर चष्मासुद्धा नसतो."

सगळ्यांनी सुप्रीताकडे पाहिलं. ती तवा पुसत होती.

"मी कशावरून हाक मारायची म्हणता?" ती म्हणाली. "उल्हास आंघोळ करून येतो आणि 'झालं का?' विचारतो, तेव्हा. मला वाटायचं, याला कम्प्युटरवर काहीतरी दिसलं असणार. संशोधन याचं, मी कोण मध्ये बोलणारी?"

आता सगळ्यांनी उल्हासकडे पाहिलं. शेषगिरी सरांनी मात्र छताकडे पाहिलं.

"घैसास," कमला मॅडमनी अगदी हळू विचारलं, "तुम्ही 'झालं का' कधी विचारता?"

इतकी वर्षं, इतके आलेख, हॉलमधली ती फ्रेम, सिमेंटमध्ये गेलेला ग्राइंडर, हे सगळं उल्हासच्या डोक्यात एकदम गर्दी करून आलं. लाज वाटली, रडूही आलं, आणि खोटं सुचेना.

"भूक लागली की," तो म्हणाला.

पिठाची धार शोधनिबंधावरून जमिनीवर उतरली. मग कमला मॅडम खाली बसल्या, पदर तोंडाला लावला आणि खांदे हलेपर्यंत हसल्या. बाकीच्या समितीने वरिष्ठता बघून क्रमाक्रमाने हसून घेतलं. सुप्रीताने तोवर तवा तापवला, कारण पीठ वाया घालवणं तिच्या स्वभावात नव्हतं. डोसे इतके जाळीदार झाले की समितीतल्या एकाने चौथा मागितला. उल्हास जमिनीवरचं पीठ पुसत राहिला.

निकाल हात धुवून झाल्यावर लागला. नोंदणी रद्द नाही. आणखी एक वर्ष. "पिठाबद्दल तुमचं यंत्र काहीच शिकलं नाही," कमला मॅडम म्हणाल्या. "तुमच्या घराबद्दल मात्र सगळं शिकलं. कोण कोणाला विचारतं आणि कोण कोणाचं ऐकतं, सगळं. दहा जण असली यंत्रं बनवतात आणि ती चालतात म्हणून मिरवतात. ती नक्की काय शिकली हे कोणी तपासत नाही. तुम्ही तेच लिहा. पण प्रयोग पुन्हा करा, आणि या वेळी कोणी कोणाला काही विचारायचं नाही, बोलवायचं नाही."

आपण वाचलो की आपला पचका झाला, हे घरी पोचेपर्यंत उल्हासला ठरवता आलं नाही. भीमाचार्यांनी दार उघडलं आणि विचारलं, "झालास का डॉक्टर?"

"पुढच्या वर्षी," उल्हास म्हणाला.

"असू दे," भीमाचार्य म्हणाले, आणि बराच वेळ त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. हे त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं. उल्हासला एकदम भरून आलं.

नव्या प्रयोगाची पहिली सकाळ. सगळ्यांना नियम समजावून झाले होते. अक्कांनी खाली थांबायचं. सुप्रीताने हाक मारायची नाही. उल्हासने तोंड उघडायचं नाही. तो आंघोळ करून हॉलमध्ये वर्तमानपत्र घेऊन बसला, पोटात कावळे ओरडत होते आणि तो एकच बातमी पुन्हा पुन्हा वाचत होता. सुप्रीता ओट्याला टेकून उभी होती. डब्यावर तांबडा दिवा होता. सगळं घर शास्त्रीय शांततेत बसलेलं होतं.

भीमाचार्य पूजा आटोपून बाहेर आले. त्यांना नियम सांगायचे राहून गेले होते, कारण पिठाच्या विषयात त्यांना ऐकू येत नाही हे सगळे धरून चालले होते. पण कालपासून त्यांचा रुसवा गेला होता, आणि उपम्याचा त्यांना कंटाळाही आला असावा. ते स्वयंपाकघराच्या दारात थांबले आणि नाक वर केलं.

"सुप्रीता," ते म्हणाले, "झालं का?"

"अक्का, या," सुप्रीताने हाक मारली, आणि हाक मारून झाल्यावर तिने तोंडावर हात ठेवला.

खाली दार उघडल्याचा आवाज आला. मग जिन्यातून बामाचा वास वर येऊ लागला, आणि त्याच्या मागून अक्का. त्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि डबा बीप करून हिरवा झाला.

उल्हास उठून आत गेला. त्याने झाकण उघडलं, वाकून पाहिलं, वास घेतला, बोटाने पीठ जरा हलवून बघितलं. ते आंबलं होतं की नव्हतं, त्याला काही केल्या कळेना. मग त्याने भिंतीजवळचं स्टूल ओढलं आणि सुप्रीतापुढे मुकाट्याने बशी धरली.